एप्रिलातला आवाज

आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी एक निळा प्लास्टिकचा ड्रम उभा असतो. नागपुरात ज्यांच्याकडे नळाला वेळापत्रक आहे, त्यांना या ड्रमची ओळख करून द्यायला नको. शिपाईदादांना वाटतं तो झाडांसाठी आहे. मुख्याध्यापिकांना वाटतं तो आग लागली तर असावा म्हणून आहे. मी दोघांचाही समज तसाच राहू दिलाय, कारण खरं सांगितलं तर तो उचलला जाईल. त्या ड्रमात आम्ही आवाज मोजतो.

नववीच्या विज्ञानात ‘ध्वनीचा अभ्यास’ असं प्रकरण आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी ते चार तासिकांत संपवायची. फळ्यावर तरंग काढायचा, संपीडन, विरलन, तरंगलांबी, वारंवारता लिहून द्यायची, श्राव्यातीत ध्वनीचे उपयोग पाठ करून घ्यायचे. गंमत अशी की आवाजाचं हे प्रकरण मी पिनड्रॉप शांततेत शिकवायची, आणि वर्ग शांत असतो याचा मला अभिमानही होता! आता त्याला तीन आठवडे लागतात. शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर अधूनमधून दारात येऊन नुसते बघतात. काही बोलत नाहीत, पण त्या बघण्याची तीव्रता डेसिबलमध्ये मोजता आली असती तर बरं झालं असतं.

सुरुवात नादकाट्यांपासून (ट्यूनिंग फोर्क) करते. लाकडी पेटीत आठ काटे असतात आणि काटा सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा प्रत्येकावर कोरलेला असतो: २५६, २८८, ३२०, ३४१, ३८४, ४२६, ४८०, ५१२. मी स्वतः हे आकडे बी.एस्सी.पासून बघत आले होते आणि ते असेच का, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एका वर्षी संध्याकाळी हार्मोनियमच्या क्लासला जाणारी एक मुलगी काटे ओळीने कानाशी नेत गेली आणि पाचव्याला थांबून म्हणाली, “मॅडम, हे त सारेगमप आहे.” २५६ला सा धरलं तर २८८ रे, ३८४ पंचम आणि ५१२ वरचा सा. भागाकार केले की ९/८, ५/४, ४/३, ३/२ अशी साधी सरळ गुणोत्तरं पडतात. फक्त ध किंचित उतरलेला वाटतो. तो काटा पंधरा वर्षं कोणीतरी बाकाच्या कडेवर आपटत आलंय, रबरावर नाही, असा माझा संशय आहे. आता आम्ही काटा हवाई चपलेच्या तळव्यावर मारतो. त्यासाठी एक जुनी चप्पल प्रयोगशाळेच्या कपाटात, तराजूच्या शेजारी, सन्मानाने ठेवलेली आहे.

स्ट्रॉची पिपाणी सगळ्यांना जमते. एक टोक चपटं करून त्याला कात्रीने व्हीसारखा काप द्यायचा, ओठांत धरून फुंकायचं आणि वाजत असतानाच दुसरं टोक कापत जायचं. नळी लहान होते तसा आवाज चढत जातो. शेवटी हातात बोटभर तुकडा उरतो, तो चिमणीसारखा ओरडतो आणि वर्ग हसून लोळतो. मामाच्या गावी ज्यांनी आंब्याची कोय दगडावर घासून पुंगी केलेली असते, त्यांना हे लवकर कळतं. दोन्हीकडे दोन पातळ कडांमधून हवा जाते आणि कडा थरथरतात. बस, तेवढंच. त्यावर मी फार बोलत नाही.

बाटल्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

पहिल्या वर्षी ते सगळं माझ्या विसरभोळेपणातून झालं. मुलांना घरून काचेच्या बाटल्या आणायला सांगितल्या होत्या. कोणी सॉसची आणली, कोणी सरबताची, कोणी औषधाची. काही बाटल्या कशाच्या होत्या हे मी विचारलं नाही. कमीजास्त पाणी भरा आणि आवाज चढतो की उतरतो ते लिहा, असं फळ्यावर लिहिलं. आवाज काढायचा कसा, ते सांगायचं राहूनच गेलं. खिडकीकडच्या रांगेने चमच्याने वाजवलं, जलतरंगासारखं. दाराकडच्या रांगेने तोंडाशी धरून फुंकलं. दहा मिनिटांनी खिडकीकडून घोषणा झाली: पाणी वाढवलं की आवाज उतरतो. दाराकडून लगेच उत्तर आलं: काय बे, चढते! मग जे भांडण झालं ते मारबतीच्या मिरवणुकीला लाजवेल असं होतं. एकमेकांना खोटं पाडायला त्यांनी बाटल्यांची अदलाबदल केली, पण खिडकीवाले वाजवतच राहिले आणि दारवाले फुंकतच राहिले. त्यामुळे प्रत्येकाला आपलंच खरं ठरल्याचा पुरावा मिळत गेला.

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. तेवढ्यात घंटा झाली आणि मी वाचले, किंवा ती मुलं वाचली म्हणा.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक पोट्टा, जो सहामाहीत विज्ञानात काठावर होता, उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, मारलं त बाटली बोलते, फुंकलं त हवा बोलते.” खरं सांगते, एवढ्या कमी शब्दांत ते मला सांगता आलं नसतं. चमचा मारला की काच आणि तिला चिकटलेलं पाणी हलतं. पाणी वाढलं की ओझं वाढतं, थरथर मंदावते, आवाज खाली जातो. फुंकलं की पाण्यावरची हवा हलते. पाणी वाढलं की हवेचा खांब आखूड होतो आणि स्ट्रॉच्या पिपाणीसारखा आवाज वर जातो. तेव्हापासून दर वर्षी मी सांगायला ‘विसरते’. मोठ्या बहिणीकडून कळलेलं असल्यामुळे आता एखाददुसरी मुलगी मला ओळखून हसते.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. त्या दिवशी आम्ही मुलांना गांधीसागर तलावाजवळच्या रामन विज्ञान केंद्रात नेतो. तिथून आल्यावर सगळे प्रकाशाच्या विकिरणावर निबंध लिहितात, आणि लिहावाच, नोबेल त्यालाच मिळालं. मला मात्र दुसरेच रामन आवडतात. १९१०च्या सुमारास, विशीतले रामन सरकारी अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ आपल्या नागपुरात होते. संशोधनाची नोकरी अजून मिळायची होती. याच माणसाने पुढे १९२०मध्ये तबला-मृदंगाच्या आवाजावर ‘नेचर’मध्ये लिहिलं. साध्या ताणलेल्या चामड्याचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९ पट, २.१४ पट असे वेडेवाकडे पडतात. म्हणून डफाचा आवाज दणदणीत असतो, पण त्याला अमुक एक स्वर असं सांगता येत नाही. तबल्याच्या मधोमध शाईचा थर बसवला की तेच वरचे सूर दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींत येऊन बसतात आणि तबला स्वरात बोलतो. ज्यांनी पहिल्यांदा शाई भरली त्यांच्याकडे ना नादकाटा होता ना समीकरण. कान होते, आणि बिघडलं की खरवडून पुन्हा भरायची चिकाटी होती.

हे सांगितल्यावर एका मुलाने भजनी मंडळातल्या आजोबांची खंजिरी आणली. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी घरोघरी ऐकलेली असते. हे पोरगं तर अंगणात झोपाळ्यावर बसून ती ऐकत मोठं झालेलं. त्याने चामड्याला आतून पाणी लावलं आणि आवाज खाली गेला. मग उन्हात धरली आणि आवाज चढला. “पावसाळ्यात आजोबा शेकतात,” तो म्हणाला. ताण वाढला की वारंवारता वाढते, हे वाक्य त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलंच नाही, आणि परीक्षेत ते सगळ्यांना आलं. (एकाने ‘शेकले की वारंवारता वाढते’ असं लिहिलं. मी अर्धा गुण दिला आणि उरलेला अर्धा न दिल्याची रुखरुख अजून आहे.)

त्या हार्मोनियमवाल्या मुलीकडे परत येते. दिवाळीची सुट्टी संपवून ती आली तीच मला शोधत. सिंदी रेल्वेला मामाकडे गेली होती. तिथे फलाटावर उभं असताना एक एक्सप्रेस न थांबता भोंगा वाजवत गेली. “मॅडम, येतानी रे होता. पुढे गेली आन् सा झाला. सरकन्.” इंजिनाच्या भोंग्यात एकापेक्षा जास्त सूर असतात. तिने त्यातला खालचा धरून ठेवला होता आणि घरी जाऊन पेटीवर लावूनही पाहिला होता.

गाडी जवळ येताना सूर चढलेला आणि दूर जाताना उतरलेला ऐकू येतो, हा डॉप्लर परिणाम नववीला नाही. पण आता ‘पुढच्या वर्गात शिकाल’ म्हणणं हा त्या कानांचा अपमान झाला असता. मी तिला सांगितलं की १८४२मध्ये प्रागमध्ये डॉप्लरने ही कल्पना मांडली ती ताऱ्यांच्या रंगांसाठी. आवाजावर तिची परीक्षा झाली १८४५मध्ये, हॉलंडमध्ये. तिथे बॉइज बॅलट नावाच्या शास्त्रज्ञाने आगगाडीवर तुतारी वाजवणारे चढवले आणि रुळाच्या कडेला सूर ओळखणारे संगीतकार उभे केले. म्हणजे तिच्यासारखेच लोक. “फक्त कानांनी?” तिने विचारलं. हो, दुसरं होतंच काय तेव्हा!

मग आम्ही दोघी हिशेबाला बसलो. रे आणि सा यांचं गुणोत्तर ९/८, हे पेटीतल्या २८८ आणि २५६च्या काट्यांवरच लिहिलेलं. गाडी येताना आणि जाताना ऐकू येणाऱ्या वारंवारतांचं गुणोत्तर म्हणजे (आवाजाचा वेग + गाडीचा वेग) भागिले (आवाजाचा वेग − गाडीचा वेग). सोडवलं तर गाडीचा वेग आवाजाच्या वेगाच्या बरोबर सतरावा हिस्सा येतो. दिवाळीतली हवा पंचवीस अंशांची धरली तर आवाजाचा वेग सेकंदाला ३४६ मीटर. त्याला सतराने भागून २०.३५, म्हणजे तासाला ७३ किलोमीटर. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मी चुकीचं ऐकलं असन तर?” तेही करून पाहिलं. कोमल रे असता तर एकतिसावा हिस्सा, म्हणजे ताशी ४०च. शुद्ध ग असता तर नववा हिस्सा, ताशी १३८. चाळीसने रांगणारी किंवा एकशे अडतीसने सुटलेली गाडी असती तर फलाटावर उभ्या पोरीला ते डोळ्यांनीच कळलं असतं. रे बरोबर असणार.

आता ड्रम.

त्याआधी एक कबुली द्यायची आहे. मी अकरावीची प्रात्यक्षिकंही घेते. हवेच्या खांबावरून आवाजाचा वेग काढायचा प्रयोग जुनाच आहे. पाण्यात नळी धरायची, तोंडाशी वाजता नादकाटा आणायचा आणि नळी वर-खाली करायची. एका ठरावीक उंचीला आवाज एकदम फुलतो, जणू नळीनेच गायला सुरुवात केली. ती उंची मोजायची. आमच्या कॉलेजात हा प्रयोग आम्हाला ज्या पद्धतीने ‘जमवायला’ शिकवला होता, तीच पद्धत मी पुढे चालवली: उत्तर आधी, रीडिंग नंतर. पुस्तकात २२ अंशांना ३४४ असतं, तर वहीत ३४४च्या आसपास यायला हवं. एका एप्रिलमध्ये एका मुलीचं उत्तर ३५१ आलं. मी लाल पेनने गोल केला आणि खाली लिहिलं, ‘पुन्हा मोज’. दुसऱ्या दिवशी तिने ३४३.८ आणलं. मी पूर्ण गुण दिले. मध्ये प्रयोगशाळा बंद होती. तिने ते कुठे मोजलं हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं.

तो लाल गोल मला किती वर्षांनी बोचला, हे सांगायची लाज वाटते. नागपुरात एप्रिल म्हणजे काय, हे मला जन्मापासून माहीत. सकाळची शाळा असते, अकराला पोरं डोक्याला दुपट्टे बांधून सायकली काढतात, आणि ३३१ अधिक तापमानाची ०.६ पट हे आवाजाच्या वेगाचं सूत्र मी स्वतः फळ्यावर लिहिते. तरी मी बावीस अंशांचं उत्तर मागत होते. नागपुरात बावीस अंश कधी असतात? नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी, मेथी निवडताना.

प्रयोगशाळेतली काचेची नळी केव्हाच फुटली होती. इतवारीच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी सव्वा इंची पीव्हीसी पाइप कापून आणला, हातभरापेक्षा थोडा जास्त लांब. बादलीची खोली पुरेना, म्हणून ड्रम आला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, अकराच्या सुमारास, मागच्या व्हरांड्यात सावलीतला थर्मामीटर ४० दाखवत होता. ५१२चा काटा चपलेवर मारायचा, पाइपच्या तोंडाशी धरायचा आणि आवाज फुलला की पाण्याच्या पातळीवर खिळ्याने रेघ मारायची. सगळ्यांना एकाच जागी फुललेला ऐकू येत नाही, तिथे भांडणं होतात. म्हणून पाच जणांनी पाच वेळा करायचं आणि सरासरी घ्यायची. वरच्या तोंडापासून पहिली रेघ १६.१ सेंटीमीटरवर आली. पाइप आणखी वर उचलत गेलं की दुसऱ्यांदा फुलतो, ती ५०.३वर. दोन रेघांमधलं अंतर अर्धी तरंगलांबी. असं वजा करून घेतलं की पाइपच्या तोंडाशी होणारी थोडी गडबड आपोआप निघून जाते. ३४.२ची दुप्पट म्हणजे तरंगलांबी, तिला ५१२ने गुणलं की वेग. उत्तर आलं ३५०.

सूत्राप्रमाणे चाळीस अंशांना ३५५ यायला हवं होतं. पुस्तकातलं पाठ असलेलं ३४४. आणि आमचं ३५०, धड इकडचं ना तिकडचं. पूर्वीची मी असते तर खोडरबर काढलं असतं. या वेळी गप्प बसले, कारण मलाही कळत नव्हतं.

ज्याने सांगितलं त्याच्या घरी उन्हाळ्यात कूलर दुरुस्तीचं काम चालतं. तो पाइपच्या आत डोकावत होता. “मॅडम, आत हवा थंड असन ना. खाली पाणी आहे. कूलर तसाच त चालते.” मला तर त्याला मिठीच मारावीशी वाटली. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी सोडून, त्यातून हवा ओढून हे शहर मे महिना काढतं, आणि पाण्याला खेटून असलेल्या हवेचं तापमान बाहेर टांगलेल्या थर्मामीटरवरून वाचायला मी निघाले होते. दोऱ्याला बांधून थर्मामीटर पाइपमध्ये सोडला. पारा उतरत उतरत ३२वर थांबला. ३३१ अधिक ०.६ गुणिले ३२. करून बघा.

व्हरांड्यात जो गलका झाला त्याला गणिताचे सर या वेळी दारापर्यंत आले आणि बघता बघता आतच आले. काटा त्यांनी स्वतः चपलेवर मारून पाहिला. दोनदा.

डिसेंबरात तोच पाइप पुन्हा काढला. सकाळी साडेसातला थर्मामीटर १३वर होता, पोरं स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून उभी. दोन रेघांमधलं अंतर ३३.३ आलं, म्हणजे वेग ३४१, म्हणजे पाइपमधली हवा सोळा-सतरा अंशांची. बाहेरपेक्षा गरम! ड्रमातलं पाणी रात्रभर तेवढं निवलं नव्हतं. उन्हाळ्यात जे पाणी हवा थंड करत होतं, तेच आता तिला उबारा देत होतं. एप्रिलच्या आणि डिसेंबरच्या रेघांमधली अंतरं शेजारी शेजारी धरली तर जवळजवळ एक सेंटीमीटरचा फरक दिसतो. नागपूरच्या उन्हाळ्या-हिवाळ्यातलं अंतर करंगळीच्या नखाएवढं.

आता त्या पाइपवर बऱ्याच रेघा झाल्या आहेत. काही खोल, काही घाईत मारलेल्या वाकड्या, आणि शेजारी तारखा. त्या लाल गोलवाल्या मुलीची रेघ त्यात नाही. गेल्या एप्रिलमध्ये नववीच्या एका मुलाने नवी रेघ मारली, ती आधीच्या वर्षीच्या रेघेच्या किंचित खाली पडली. “मॅडम, यंदा ऊन जास्त तापून राहिलं का?”

आम्ही हिशेब केला. एक अंश वाढला की दोन रेघांमधलं अंतर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने वाढतं. त्याने भिंग आणलं, पट्टी लावली. खिळ्याची रेघच तेवढी जाड होती.

“मंग बारीक खिळा लागन,” तो म्हणाला, आणि शिपाईदादांकडे विचारायला गेला.